एकवीस काड्या

कानातली इवलीशी हाडे सोडली तर माणसाच्या कवटीत हलणारे हाड एकच, ते म्हणजे खालचा जबडा, हे वाक्य मी महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवताना 28 वर्षे फळ्यावर लिहिले. मुले ते वहीत उतरवून घेत, परीक्षेत एका गुणाला ते येई आणि तो विषय तिथेच संपे. त्या हाडाशी माझी खरी गाठ पडली ती निवृत्तीनंतर, नारळी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी, लालबागच्या आमच्या चाळीच्या जिन्यात.

माझी नात सई तेव्हा सात वर्षांची होती. दिवसभर पाऊस लागलेला होता आणि आमच्या जिन्याच्या लाकडी पायऱ्या, ज्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी मधोमध बशीसारख्या झिजल्या आहेत, त्या ओल्या होत्या. तिच्या एका हातात दुधाची पिशवी आणि दुसऱ्या हातात मिटलेली छत्री होती. हात मोकळे असते तर पडताना तिने ते पुढे टाकले असते आणि फार तर मनगट दुखावले असते. पण दूध सांडू नये म्हणून तिने पिशवी छातीशी धरली आणि ती सरळ हनुवटीवर पडली. पिशवी फुटली नाही, हे तिने नंतर पुष्कळांना अभिमानाने सांगितले.

हनुवटीखाली खोक पडली होती. जवळच्या एका दवाखान्यात चार टाके घातले गेले, धनुर्वाताचे इंजेक्शन झाले आणि दोन-तीन दिवस मऊ खायला द्या असे सांगून आम्हाला घरी पाठवण्यात आले. तोंड उघडून कोणी पाहिले नाही. त्या डॉक्टरांवर माझा राग नाही असे लिहिले तर ते खोटे ठरेल. पण रक्त दिसते तिकडेच डोळे जातात, आणि त्या संध्याकाळी माझेही डोळे दुसरीकडे गेले नव्हते, हेही खरे आहे.

दुसऱ्या दिवशी सईने नारळीभाताचा घास तोंडात घेतला आणि तसाच ताटात काढून ठेवला. "आजी, माझे दात एकमेकांना लागतच नाहीत," ती म्हणाली. मी टॉर्च घेऊन पाहिले तेव्हा जिभेखालची जागा जांभळासारखी काळीनिळी झालेली होती, खालच्या डाव्या बाजूच्या दोन दातांमध्ये आदल्या दिवशीपर्यंत नसलेली फट आणि एक लहानशी पायरी दिसत होती, आणि तोंड उघडायला सांगितले की हनुवटी खाली जाता जाता उजवीकडे सरकत होती. जिभेखाली असे रक्त साकळणे ही खालचा जबडा मोडल्याची जवळजवळ पक्की खूण मानतात, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते. एवढेच कळले की हे टाक्यांचे दुखणे नव्हे.

सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागातून आम्हाला दंतविभागात पाठवले गेले. तिथली रेसिडेंट डॉक्टर वयाने माझ्या शेवटच्या तुकडीतल्या मुलींएवढी असावी. तिने आधी सईशी दुधाच्या पिशवीबद्दल गप्पा मारल्या, मग समोर बसून आपल्या दोन्ही करंगळ्या तिच्या दोन्ही कानांत हलकेच घातल्या आणि तिला तोंड उघडमीट करायला लावले. डाव्या करंगळीला आणि उजव्या करंगळीला काय वेगळे लागले ते तिने बोलून दाखवले नाही, पण पुन्हा एकदा तसेच करायला लावले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, हनुवटी फुटलेलं मूल कानापुढचा सांधा तपासल्याशिवाय घरी जाता कामा नये. टाके दिसतात, सांधा दिसत नाही."

बांगडी दाबली तर सहसा ती एकाच जागी तडकत नाही. जबड्याचे हाडही असेच कमानीसारखे वळलेले, आणि त्याची दोन्ही टोके कवटीत अडकवलेली आहेत. हनुवटीवर बसलेला मार कमानीतून दोन्ही बाजूंनी वर चढतो आणि कानापुढच्या सांध्यातल्या मुंडीवर, जिला डॉक्टर काँडाइल म्हणतात, तिच्या नाजूक मानेवर जाऊन आदळतो. मुलांच्या जबड्यात सर्वांत जास्त वेळा मोडते ती हीच जागा. सईचे दोन ठिकाणी मोडले होते, पुढे डावीकडे सुळ्याच्या जागी आणि मागे उजवीकडच्या काँडाइलच्या मानेशी. पुढचे मोडणे बाहेरच्या बाजूने सरळ तुटल्यासारखे आणि आतल्या बाजूने ओल्या फांदीसारखे अर्धवट वाकलेले होते, कारण या वयात हाड अजून लवचीक असते.

मुळात लहान मुलांचे तोंडाचे हाड मोडणे विरळच. जन्मतः कवटी आणि चेहरा यांचे प्रमाण आठास एक असते, मोठ्या माणसात ते अडीचास एकाच्या आसपास येते; म्हणजे तान्हे मूल हे बहुतांशी कपाळच असते, आणि पडले की टेंगूळ येते ते तिथे. चेहरा त्या कपाळाच्या वळचणीला दडलेला असतो. शाळेत जायच्या वयात तो वळचणीतून बाहेर येऊ लागतो, आणि त्याच सुमारास मुले जिने, सायकली, झाडे आणि गॅलरीचे कठडे यांच्या वाटेला जाऊ लागतात.

सगळ्या जबड्याचे एकाच फिल्मवर येणारे एक्स-रे चित्र असते, त्याला सगळे ओपीजी म्हणतात. सईचे ओपीजी डॉक्टरांनी प्रकाशाच्या पेटीवर लावले तेव्हा माझ्या जावयाने मला जे विचारायचे होते तेच विचारले. त्याच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याचा जबडा मोटारसायकलच्या अपघातात मोडला होता, त्याला टायटॅनियमची प्लेट आणि स्क्रू बसवले होते आणि तो आठवड्याभरात कामावर आला होता. मग सईलाही तेच का करत नाहीत? उत्तरादाखल मोठ्या डॉक्टरांनी पेन्सिलीचे टोक चित्रावरून फिरवले. दुधाच्या दातांच्या मुळांखाली, हाडाच्या पोटात, दुसरी सबंध पंगत बसलेली होती. आमच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत रात्री पथाऱ्या पडल्या की पाय ठेवायला जागा उरत नाही, तसे ते हाड दिसत होते. कायमच्या सुळ्याची कळी तर जबड्याच्या खालच्या काठाला जवळजवळ टेकलेली होती, आणि मोडल्याची रेघ नेमकी तिच्या कडेने गेली होती. "स्क्रू कुठे मारू, सांगा," डॉक्टर म्हणाले. जावई काही बोलला नाही.

प्लेट कधीच घालत नाहीत असे नाही. तुकडे फार हलले असतील, मूल जरा मोठे असेल, तर अगदी खालच्या काठाला, कळ्या चुकवून, आखूड स्क्रूंनी छोटी प्लेट बसवतात आणि हाड जुळल्यावर दोन-तीन महिन्यांत ती काढूनही टाकतात, कारण वाढत्या हाडात धातूचा अडसर ठेवणे त्यांना नको असते. शरीरात हळूहळू विरघळून जाणाऱ्या प्लेटाही आता मिळतात. मोठ्यांचे वरचे आणि खालचे दात तारेने एकमेकांना बांधून जबडा चार ते सहा आठवडे मिटून ठेवण्याची जुनी रीतही मुलांना सहजी लागू पडत नाही, कारण दुधाचे दात बुटके आणि खाली रुंद असल्याने तार त्यांच्यावर टिकत नाही, आणि पडायच्या बेतातल्या दाताची मुळे झिजलेली असल्याने ओढले तर तारेबरोबर दातच हाती येतो. सईचे पुढचे दोन दात नुकतेच आलेले, बाजूचे दोन हलत होते आणि एकाची जागा रिकामी होती. अशा तोंडाचा आधार घेऊन काही बांधणे म्हणजे पावसाळ्यात रेतीवर मंडप घालण्यासारखे.

मी विज्ञानाची शिक्षिका होते असे मी दोनदा सांगितल्यामुळे असेल, पण सईसाठी ठरलेले स्प्लिंट, म्हणजे मोडलेले हाड जागी धरून ठेवणारी दातांवरची टोपी, कसे करतात ते मला बघू दिले. सईच्या तोंडात गुलाबी लगद्याचा साचा घेऊन, जेमतेम उघडणाऱ्या त्या तोंडातून तो सांभाळून काढून, त्यात प्लास्टर ओतून तिच्या जबड्याची पांढरी प्रतिकृती केलेली होती. तंत्रज्ञाने ती हातात घेतली आणि बारीक करवतीने, हाड जिथे मोडले होते नेमक्या त्याच रेषेवर, तिचे दोन तुकडे केले. टेबलावर पडलेला नातीचा जबडा असा कापला जाताना पाहून माझ्या पोटात कालवले. त्याने मात्र शांतपणे खालचे दोन तुकडे वरच्या जबड्याच्या प्रतिकृतीवर दातात दात बसतील असे जुळवले, मेणाने चिकटवले, आणि अशा जुळलेल्या जबड्यावर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची टोपी घडवली. शस्त्रक्रियेत खऱ्या जबड्याचे तुकडे त्या टोपीत बसले की ते आपोआप जागेवर येणार होते. हाड पाहायचे नाही, चिरायचे नाही, दातांनी दातांना ओळखायचे, एवढ्यावर ती सगळी युक्ती उभी होती.

ही कल्पना नवी नाही. 1865 साली अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री विल्यम सिवर्ड घोडागाडीतून पडून त्यांचा जबडा मोडला, तेव्हा न्यूयॉर्कचे दंतवैद्य टॉमस गनिंग यांनी त्यांना कडक रबराचे असेच स्प्लिंट बसवले होते. त्या जातीच्या स्प्लिंटला आजही गनिंगचे नाव आहे.

पाचव्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. त्याहून फार थांबून चालत नाही, कारण मुलांचे तुकडे आठवड्याभरातच चुकीच्या जागीही चिकटू लागतात. भुलीची नळी नाकातून घातली, टोपी खालच्या दातांवर बसवली, आणि हनुवटीखालून लांब वाकड्या आरीसारख्या हत्याराने तार आत नेऊन, जबड्याला आतून-बाहेरून वेढा देऊन, ती टोपीवर पिळून आवळली. पुढे एक आणि मागे दोन, असे तीन वेढे. बाहेरून दिसायला हनुवटीच्या चार टाक्यांच्या आजूबाजूला सुईने टोचल्यासारखे तीन ठिपके, बाकी काही नाही. वरचा जबडा मोकळाच ठेवला होता. पुढचा मोड टोपीने धरून ठेवला आणि मागचा सांधा मात्र हलता राहिला. एका हाडाला विश्रांती आणि त्याच हाडाच्या टोकाला चळवळ, अशी ती तडजोड होती.

किती दिवस, असे विचारल्यावर तीन आठवडे असे उत्तर मिळाले. मोठ्या माणसाला याच्या दुप्पट लागले असते. नंतर मी वाचले की सुश्रुतानेही मोडलेल्या हाडाचा हिशेब असाच वयावर मांडला आहे, पहिल्या वयात महिनाभर, मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि उतारवयात तिप्पट. त्याच अध्यायात त्याने मार लागून हललेल्या, पण न तुटलेल्या दातांबद्दल लिहिले आहे: तरुण माणूस असेल तर ते दाबून जागी बसवावेत आणि त्याला कमळाच्या देठातून दूध प्यायला द्यावे, म्हाताऱ्याच्या हललेल्या दातांच्या वाटेला जाऊ नये. माझ्या स्वतःच्या दातांचा विचार करता तो शेवटचा सल्ला मला थोडा लागला. पण देठातून दूध पिणारा तो जुना रुग्ण डोळ्यांसमोर आला, आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या नळ्यांची मला जरा कमी लाज वाटू लागली.

त्या तीन आठवड्यांत घरात मिक्सर थांबला नाही. पेज, नाचणीची आंबील, तूप घातलेला आटवल भात, कुळथाचे कढण, शिकरण. गणपतीत सईने मोदकाची पारी बाजूला सारून सारण चमच्याने खाल्ले आणि मग पारीही दुधात कुस्करून मागितली. प्रत्येक खाण्यानंतर कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरायच्या आणि टोपीच्या कडेने मऊ ब्रश फिरवायचा, हे तिच्या आईने एकदाही चुकू दिले नाही.

खरा तंटा तोंड उघडण्यावरून झाला. आठवड्यानंतर सईने आरशासमोर बसून, हनुवटी मधोमध ठेवण्याचा प्रयत्न करत, दिवसातून अनेकदा तोंड उघडायचे होते. ती कानाजवळ हात धरून रडायची. माझी मुलगी म्हणायची, "आई, राहू दे ना गं आज. हाड जुळायला नको का आधी?" मलाही मनातून तेच वाटत असे. हात मोडला की प्लास्टरात घालून गळ्यात अडकवायचा, हेच आपल्याला ठाऊक. मोडलेली गोष्ट हलवायची नसते, हे आपण मुलांना जन्मापासून सांगत आलेलो असतो.

माझे मत बदलले ते ओपीडीच्या बाकावर. शेजारी दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा आपल्या आईबरोबर नांदेडकडून आलेला होता. त्याची हनुवटी मागे गेलेली आणि इतकी लहान राहिलेली होती की बाजूने पाहताना खालच्या ओठापासून गळ्यापर्यंत सरळ उतारच दिसे. आईने डब्यातली पोळी दुधात भिजवून, बोटांनी चिरडून, त्याच्या एका बाजूच्या पडलेल्या दाताच्या फटीतून तोंडात सारली. त्याचे तोंड करंगळी जाईल एवढेही उघडत नव्हते. तिने सांगितले की तिसऱ्या वर्षी तो ओट्यावरून हनुवटीवर पडला, टाके घातले, जखम छान भरली, आणि मग वर्ष-दोन वर्षांत तोंड हळूहळू मिटत गेले. रात्री तो इतका घोरतो की ती उठून त्याचा श्वास चालू आहे का ते पाहते, असेही ती म्हणाली. मुलगा आमच्याकडे पाहत पोळी चोखत होता.

या दुखण्याला अँकिलोसिस म्हणतात. सांध्यात साकळलेल्या रक्ताचे, सांधा हलला नाही तर, आधी चिवट ऊतीत आणि मग हाडात रूपांतर होते. जबडा कवटीला जोडला जातो. पाच वर्षांखालच्या मुलांत काँडाइलची मुंडी आखूड, जाड आणि रक्ताने भरलेली असते, ती मानेशी मोडण्याऐवजी सांध्याच्या आतच चिरडते, म्हणून त्यांना हा धोका सर्वांत जास्त. आणि जबडा पुढे-खाली वाढण्यात त्या मुंडीचा मोठा वाटा असल्यामुळे ती गोठली की चेहऱ्याची वाढही तिथेच अडते. उपाय आहे, पण तो म्हणजे ते जुळलेले हाड कापून नवा सांधा करणे, आणि त्यानंतरही व्यायाम सुटत नाहीतच.

त्या दिवशी घरी आल्यावर मी सईला आरशासमोर बसवले आणि ती रडली तरी मी उठू दिले नाही. मुलगी गॅलरीत जाऊन उभी राहिली. आजीने नातीला रडवावे हा उलटाच प्रकार होता, आणि मला तो जमला नाही, मी एका बाजूने दटावत होते आणि दुसऱ्या बाजूने पदराने डोळे पुसत होते, तेव्हा सईच म्हणाली, "आजी, तू रडू नकोस, मी करते."

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी तारा कापून टोपी काढली. डॉक्टरांनी जबडा दोन्ही हातांनी धरून हलकेच पिळून पाहिला. तो एकसंध होता. मग त्यांनी आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांचा एक गठ्ठा आमच्या हाती दिला. एकावर एक रचून, दातांमध्ये धरून, रोज जमेल तेव्हा एक वाढवायची. एक काडी साधारण दोन मिलिमीटर. पहिल्या दिवशी अकरा बसल्या. सईने भिंतीवर पेन्सिलीने रेघा मारायला सुरुवात केली. कधी चार दिवस एकही रेघ वाढत नसे, कधी एका दिवसात दोन. तिचे ध्येय एकवीस होते, कारण गणपतीला दुर्वाही एकवीसच लागतात. ती एकविसावी काडी बसली धनत्रयोदशीच्या सकाळी, आणि त्या दिवाळीत तिने चकली खाल्ली, आधी दुधात बुडवून आणि मग तशीच.

वर्षाने घेतलेल्या चित्रात उजवी काँडाइल, जी मोडून आत वाकली होती, ती पुन्हा गोलाई धरू लागली होती. कोणी तिला हात लावला नव्हता. मोठ्या माणसाचे हाड जिथे जुळते तिथेच राहते. मुलाचे हाड वापरातून आपला आकार पुन्हा शोधते, आणि ज्या सांध्याला रोजचे काम मिळते तो तसा घडत जातो. मी इतकी वर्षे हाडांचा पाठ शिकवला, पण त्यातली आकृती वाढते आहे, रोज थोडी पुसून पुन्हा काढली जाते आहे, असे मी एकाही वर्गाला सांगितले नाही.

काम मात्र संपलेले नाही. मोडल्याच्या रेघेवरचा तो कायमचा सुळा नीट येईल की वेडावाकडा, की येणारच नाही, हे पाहायचे होते, आणि जबडा दोन्ही बाजूंनी सारखा वाढतो का ते वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे सतरा-अठरा वर्षांपर्यंत, दरवर्षी तपासायचे आहे. बरे झालेल्या मुलाला घेऊन ओपीडीच्या रांगेत उभे राहण्याचा आईबापांना कंटाळा येतो, रजा मिळत नाही, आणि हळूहळू तारखा सुटतात; म्हणून ती फाइल माझ्याकडे असते.

यंदाच्या जूनमध्ये आम्ही गेलो तेव्हा सई दहा वर्षांची झाली होती. खालच्या डाव्या हिरडीतून सुळ्याचे टोक निघाले होते, किंचित तिरपे आणि टोकाशी एक पांढरा डाग असलेले, पण निघाले होते. तोंड पूर्ण उघडले की शेवटी शेवटी हनुवटी केसभर उजवीकडे जाते. तिच्या आईला ते दिसत नाही, मला दिसते, आणि डॉक्टरांनाही दिसले, त्यांनी केसपेपरवर तशी नोंद केली. मग ते मापायची पट्टी शोधू लागले.

"आजी, काड्या आणल्यास का?" सईने विचारले.

पर्समध्ये रबर लावून ठेवलेल्याच होत्या. तिने त्या स्वतः रचल्या आणि दातांमध्ये धरल्या. बावीस बसल्या. तेविसावी तिने दोनदा घालून पाहिली, ती बसली नाही.